रात्रीचं एक जेवण मोबाईल बाजूला ठेवून कसं जेवायचं

दोन वर्षांपूर्वी माझं एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ताची तपासणी) ५.९ आलं, म्हणजे डायबेटिस नाही पण दारात येऊन उभा (५.७ ते ६.४ ला प्रीडायबेटिस म्हणतात), आणि डॉक्टरांनी विचारलं काल रात्री काय जेवलात, तर मला आठवेना. पोळी होती हे नक्की, पण दोन की चार, भाजी कुठली, काहीच नाही, कारण जेवताना समोर मोबाईल चालू होता. काय खायचं, दिवसातून किती वेळा खायचं यावर आपल्याकडे घरोघरी चर्चा होते, दिवसातून दोनदाच जेवा म्हणणारे डॉ. दीक्षित की दर दोन-तीन तासांनी थोडं खा म्हणणाऱ्या ऋजुता दिवेकर यावरून तर जावाजावांत वाद झालेत, पण जेवताना लक्ष ताटात असतं का हे आमच्या घरात तरी कुणी कधी विचारलं नव्हतं. तेव्हापासून मी जे करत आले आणि जे टिकलं तेच इथे सांगते.

पहिलं म्हणजे तिन्ही वेळचं एकदम सुधारायला जाऊ नका, आठ दिवसांत सोडून द्याल. एकच जेवण धरा, शक्यतो रात्रीचं. सकाळी डब्याची घाई असते, दुपारी ऑफिसमध्ये अर्ध्या तासात उरकायचं असतं, रात्रीचं त्यातल्या त्यात आपल्या हातात असतं. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, उलटा करून शेजारी ठेवणं चालत नाही, हात जातोच. सिरीयल संपल्यावर जेवा किंवा आधी जेवा, पण टीव्हीसमोर ताट घेऊन बसू नका.

बसायच्या आधी स्वतःला विचारा की भूक पोटाला लागलीय की तोंडाला चाळा हवाय. पोटाची भूक हळूहळू वाढते आणि तिला पिठलं-भाकरीसुद्धा चालते. चाळा अचानक येतो आणि त्याला फरसाणच लागतं, भाकरी दिली तर नको म्हणतो. हा फरक आठवडाभर नुसता बघत राहिलात तरी पुष्कळ कळतं. पण संध्याकाळी साडेसहाला स्टेशनवर वडापावचा वास येतो ना, ती बऱ्याचदा खरी भूक असते, कारण डबा एक वाजता खाल्लेला असतो आणि घरी पोचून जेवायला नऊ वाजणार असतात. ती मारू नका! बॅगेत मूठभर फुटाणे-शेंगदाणे नाहीतर एखादं केळं ठेवा, नाहीतर घरी आल्या आल्या कढईतूनच खाणं सुरू होतं आणि मग लक्ष-बिक्ष काही राहात नाही.

आता ताट, आणि इथे मला आपल्या वाढायच्या पद्धतीचं खरंच कौतुक वाटतं. मीठ वर मधोमध, डावीकडे लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी, समोर भात-पोळी. डावीकडचं तोंडाला चव म्हणून, उजवीकडचं पोटभर. आपण आता सगळं एका प्लेटमध्ये कालवून सोफ्यावर नेतो त्यामुळे किती घेतलं हे दिसतच नाही. ताट नीट वाढून घेतलं की एका नजरेत कळतं, अरे आज हिरवं काहीच नाहीये. मी फक्त एक बदल केलाय, कोशिंबीर चमचाभर न घेता वाटीभर घेते. लोणचं-पापड मात्र चिमटीएवढंच, कारण दिवसाचं मीठ सगळं धरून ५ ग्रॅमच्या आत ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, ते म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि लोणच्याच्या दोन फोडी त्यातला बराच भाग खाऊन टाकतात.

पहिल्यांदा कमी वाढून घ्या. पानात टाकू नये हे लहानपणापासून अंगात भिनलंय आणि ते चांगलंच आहे, पण त्यापायी पोट भरल्यावरही आपण शेवटचा भात संपवत बसतो. कमी घेतलं की दोन्ही सांभाळलं जातं, परत घ्यायला कुणी नाही म्हणत नाही.

सुरुवात कोशिंबीर, भाजी, उसळ यांनी करा, पोळी-भात नंतर, साखर जरा सावकाश चढते. आणि तोंडातला घास गिळेपर्यंत पुढचा घास हातात तयार ठेवू नका. एवढं एकच पाळलंत तरी जेवणाचा वेग आपोआप उतरतो, बत्तीस वेळा चावा वगैरे मोजत बसायची गरज नाही. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात, पोट ताणल्याचं कळायला लागतं, आतड्यातून हार्मोन्स सुटतात, आणि आपण दहा मिनिटांत ताट साफ करून मोकळे होतो. एकदा करून बघा, ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा नुसता चावत राहा, थोड्या वेळाने गोडसर लागायला लागतो. लाळेतलं अमायलेज पिठाची साखर करायला तोंडातच सुरुवात करतं. मला हे चाळिशीत कळलं आणि त्या दिवशी भाकरीची चव नव्यानेच लागली.

चरकसंहितेत न बोलता, न हसता, मन लावून जेवावं असं सांगितलंय. पूर्ण गप्प बसणं मला पटत नाही, कारण आमच्याकडे सगळे एकत्र भेटतात ते रात्रीच. आम्ही एवढंच ठरवलंय की मुलांचे मार्क, कर्जाचा हप्ता आणि नातेवाईकांची गाऱ्हाणी ताटावर काढायची नाहीत.

जेवण झाल्यावर शतपावली, पण शंभरच पावलं नको, दहा-पंधरा मिनिटं तरी चाला, गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात. चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर वापरतात, म्हणून जेवणानंतर लगेचचं चालणं जास्त उपयोगी. झोपायच्या दोन-तीन तास आधी जेवण झालेलं बरं. आणि जागरण टाळा, झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते आणि गोड-तळलेलंच खावंसं वाटतं, हे मी महिनाअखेरीला दर वेळी बघते.

डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर भूक नाही म्हणून जेवण टाळू नका, साखर एकदम उतरू शकते, वेळा डॉक्टरांना विचारूनच बदला.

राहिला आग्रह. लग्नाच्या पंगतीत नाहीतर मावशीकडे पुरणपोळी असेल तर मी खाते, वरून तूप घेऊन, आणि मोबाईल पर्समध्ये ठेवून सावकाश खाते. दुसरी नको असेल तर वाढणारी दिसली की दोन्ही हात ताटावर आडवे धरायचे, आणि ताटात थोडा ताकभात शिल्लक ठेवायचा. पान रिकामं दिसलं की वाढपी येणारच.