मिनिएचर रंगवायला शिकताय? आधी पाणी सांभाळायला शिका

मिनिएचर पेंटिंग म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना राजस्थानी लघुचित्रं आठवतात, पण मी बोलतेय ते बोटाच्या दोन पेरांएवढ्या पुतळ्यांबद्दल. वॉरहॅमर किंवा डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्यांकडे ते २८ नाहीतर ३२ मिलिमीटरचे सैनिक, जादूगार, राक्षस असतात ना, ते. आणि ही गोष्ट आपल्याला तशी नवीन नाहीच, दिवाळीत किल्ल्यावर मांडायच्या मावळ्याचा उडालेला फेटा ज्याने कधी घरच्या रंगाने परत रंगवलाय त्याने हे काम केलेलंच आहे. मी स्वतः तिथूनच सुरुवात केली आणि अजूनही कोणी विचारलं की पहिलं काय रंगवू, तर मी सांगते, महागडा बॉक्स आणू नका, दोन-तीन मावळे घ्या.

आता मुद्द्याचं. नवीन लोक त्यांचं काम दाखवतात आणि विचारतात कुठला ब्रश घेऊ, कुठले रंग घेऊ. पण पुतळा हातात घेतला की दिसतं की प्रॉब्लेम पाण्याचा आहे. रंगात पाणी किती, ब्रशमध्ये किती, आणि हवेत किती, या तीन गोष्टी हाताला कळल्या की साध्या रंगातही काम सुंदर होतं, आणि नाही कळल्या तर कितीही पैसे घाला, जाड रंगाखाली चेहरा लपलेलाच राहणार.

हवेपासून सुरू करू कारण पहिली चूक तिथेच होते. रंगाच्या आधी प्रायमर लागतो, नाहीतर प्लास्टिकवर रंग धरत नाही, नखाने खरवडून निघतो. स्प्रे प्रायमर सोपा पडतो, साधारण २० ते ३० सेंटीमीटर लांबून, डबा आधी नीट हलवून, पुतळ्याच्या बाहेर स्प्रे सुरू करून पुतळ्यावरून सरळ पुढे न्यायचा आणि बाहेर गेल्यावरच बोट सोडायचं, एकाच जागी धरून ठेवायचं नाही. पण मी ठाण्यात राहते आणि माझ्या पहिल्याच पावसाळ्यात, जुलैमध्ये, गॅलरीत उभं राहून सहा पुतळ्यांवर स्प्रे मारला तर सगळे रवाळ झाले, हाताला सँडपेपरसारखे लागत होते, चेहऱ्यावरचं बारीक काम पार बुजलं. खूप वाईट वाटलं होतं तेव्हा. दमट हवेत असं होतं, आणि खूप लांबून मारला तरी होतं कारण थेंब पोचेपर्यंत हवेतच अर्धे वाळतात. म्हणून जून ते सप्टेंबर स्प्रे बंद, सरळ ब्रशने लावायचा प्रायमर वापरा, पातळ दोन हात, मध्ये पूर्ण वाळू द्या. थंडीत सकाळी उन्हं वर आली की स्प्रेची कामं उरकून घ्या, आणि मारायचं ते मोकळ्या हवेत, तोंडाला मास्क लावून.

प्रायमरच्या आधीची तयारी पटकन सांगते. प्लास्टिक असेल तर साच्याची जोड जिथे आलेली असते तिथे बारीक उंच रेघ दिसते, ती कटरच्या पात्याच्या पाठीने हलकेच खरवडून काढा. रेझिनचा असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा. मातीचा किंवा प्लास्टरचा मावळा असेल तर तो रंग शोषून घेतो, म्हणून आधी फेविकॉलमध्ये पाणी घालून त्याचा एक पातळ हात द्या आणि मग प्रायमर. पुतळा बोटात धरून रंगवू नका, औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या झाकणावर ब्लू टॅकने, म्हणजे नंतर सहज निघणाऱ्या चिकट गोळ्याने, चिकटवा आणि बाटली धरा, बोटाचं तेल लागत नाही आणि हातही दुखत नाही.

प्रायमर काळा की पांढरा? मला दोन्ही आवडतात. आधी सगळीकडून काळा, तो वाळला की वरून, म्हणजे डोक्यावर सूर्य असल्यासारखा, पांढऱ्याचा हलका स्प्रे किंवा कोरड्या ब्रशने पांढरा. इंग्रजीत याला झेनिथल म्हणतात. फायदा असा की उजेड कुठे पडतो आणि सावली कुठे हे पुतळा स्वतःच दाखवतो, तुम्हाला कल्पना करत बसावं लागत नाही. शिकताना याची खूप मदत होते.

आता रंगातलं पाणी. सिटाडेलच्या डब्या असोत, व्हॅलेहोच्या ड्रॉपरच्या बाटल्या असोत की आपल्या कॅमलच्या ॲक्रिलिक ट्यूब, थेट डब्यातून पुतळ्यावर रंग लावायचा नाही म्हणजे नाही. किती पातळ करायचा याला सगळीकडे दुधाची उपमा देतात, पण दुधाचं दूध असतं का एकच? मी सांगते, म्हशीचं तापवून गार केलेलं दूध भांडं तिरकं केल्यावर भांड्याला जसा किंचित थर धरून खाली येतं तेवढं, ताकाएवढं पातळ नको. ट्यूबचा रंग जाड असतो म्हणून त्याला साधारण रंगाएवढंच पाणी घालून बघायला सुरुवात करा, ड्रॉपरच्या बाटलीतल्याला एक-दोन थेंब पुरतात. आणि मग पुतळ्यावर लावायच्या आधी अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढा. ब्रशचे ओरखडे दिसले तर रंग जाड, नखाच्या कडेच्या खाचेत पळाला तर पाणी जास्त, रेघ सलग गेली आणि कडा जागेवर राहिल्या तर बरोबर. ही नखाची टेस्ट प्रत्येक वेळी करा, अगदी प्रत्येक वेळी, महिन्याभरात डोळ्यालाच कळायला लागतं.

पहिला हात दिल्यावर खालचा प्रायमर दिसणार, डागडागाचं दिसणार, आणि इथेच नवीन माणूस घाबरतो आणि ओल्या रंगावरच परत ब्रश फिरवतो. नका करू. अर्धवट वाळलेल्या ॲक्रिलिकवर ब्रश फिरला की त्याची साय निघते आणि ती तशीच राहते. पूर्ण वाळू द्या, दुसरा हात द्या, पिवळा, भगवा, पांढरा असेल तर तिसराही लागेल.

रंग पॅलेटवर वाळू नये म्हणून वेट पॅलेट करा, विकत घ्यायची काही गरज नाही. हवाबंद डबा घ्या, तळाला किचन टिश्यूच्या तीन-चार घड्या, त्या भिजतील एवढं पाणी, वर बटर पेपर. पाणी खालून कागदातून वर येत राहतं आणि रंग ओला राहतो, झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही चालतो. कागद मेणाचा नको, त्यातून पाणी वर येत नाही. आणि टिश्यू तरंगेल एवढं पाणी घातलंत तर रंग आपोआप पातळ होत जाईल, ते बघा. आपल्या हवेत चार दिवसांत वास यायला लागतो, म्हणून टिश्यू बदलत राहा.

तिसरं पाणी ब्रशमधलं, आणि हे सगळ्यात कमी सांगितलं जातं. ब्रश धुतला की तो पाण्याने भरलेला असतो, तसाच रंगात बुडवला की तुम्ही एवढं मोजून केलेलं मिश्रण बिघडलं. धुतल्यावर टिश्यूवर टेकवायचा, मग रंग घ्यायचा, मग टिश्यूवर किंवा पॅलेटच्या कडेला परत हलकेच टेकवून फिरवायचा म्हणजे जास्तीचा रंग जातो आणि टोकही येतं. धुवा, टेकवा, रंग घ्या, टेकवा, हे हाताला लागलं पाहिजे. रंग ब्रशच्या अर्ध्या केसांच्या वर जाऊ द्यायचा नाही, धातूच्या पट्टीत शिरला की तिथे वाळतो आणि केस फाकतात.

आणि पंखा बंद करा. खरंच सांगते, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं आणि मला बरेच महिने वाटत होतं की माझाच हात वाईट आहे. डोक्यावर पंखा फिरत असेल तर ब्रशच्या टोकावरचा रंग पुतळ्यापर्यंत नेईस्तोवर वाळतो. बाहेरचे व्हिडिओ बनवणारे पंख्याखाली बसत नाहीत म्हणून त्यांच्या डोक्यात हे येत नाही.

याच कारणाने तीन शून्यवाला ब्रश सुरुवातीला नको. तो दिसायला बारीक, पण पोटात रंगच मावत नाही त्यामुळे लगेच वाळतो. १ किंवा २ नंबरचा गोल ब्रश घ्या, टोक चांगलं असलेला, बारीक काम टोकाने होतं, नंबराने नाही. सिंथेटिक चालेल, त्याची टोकं काही महिन्यांत आकड्यासारखी वळतात, मग तो खालचे सपाट हात द्यायला ठेवायचा. कोलिन्स्की सेबल म्हणजे सायबेरियाकडच्या विझल नावाच्या एका छोट्या प्राण्याच्या शेपटीच्या केसांचे ब्रश उत्तम असतात, पण ते नंतर, काळजी घ्यायची सवय लागल्यावर. एक मात्र नीट लक्षात ठेवा, कोणी मुंगसाच्या केसांचा ब्रश देत असेल तर घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे आणि एका ब्रशसाठी जनावर मारलं जातं, आपल्या छंदाला त्याची गरज नाही.

आता एक मावळा घेऊन करून बघू. क्रम आतून बाहेर, म्हणजे आधी अंगाचा रंग, मग अंगरखा, मग कमरेचा शेला, शेवटी ढाल-तलवार, कारण आतलं रंगवताना बाहेर लागतंच, उलट केलं तर दुप्पट काम.

अंगाच्या रंगावर मी जरा जास्त बोलणार आहे. मिळतात त्या बहुतेक गाइडमध्ये गोरी युरोपियन त्वचा शिकवतात आणि मग आपला मावळा गुलाबी होतो, मला ते बघवत नाही. आपल्यासाठी बर्न्ट सिएना दोन भाग, यलो ओकर एक भाग, आणि पांढऱ्याचा अगदी टिपका. बर्न्ट सिएना पारदर्शक असतो त्यामुळे दोन-तीन हात लागतील. सावलीला काळा घालू नका, राखेसारखं दिसतं, बर्न्ट अंबरमध्ये थोडा लाल किंवा जांभळा घालून पातळ करा आणि डोळ्यांच्या खोबणीत, नाकाच्या बाजूला, ओठांखाली, बोटांच्या मध्ये सोडा. वरचा उजेड मूळ रंगात ओकर वाढवून, कपाळ, नाक, गालाचं हाड, हनुवटी, एवढ्यावरच. सावळ्या रंगावर उजेड किती सुंदर खेळतो ते एकदा करून बघाच.

अंगरखा पांढरा असेल तर पांढऱ्याने सुरू करू नका. आधी किंचित पिवळट राखाडी, घडीच्या आतला भाग तसाच सोडायचा, वर वर फिकट करत न्यायचं आणि शुद्ध पांढरा फक्त खांद्यावर आणि घड्यांच्या माथ्यावर. भगवा काळ्या प्रायमरवर झाकतच नाही, आधी ओकरचा हात द्या मग भगवा. त्याची सावली तांबूस तपकिरी, उजेड पिवळसर. लालालाही हाच नियम, पांढरा घातला की तो गुलाबी होतो, नारिंगी घाला.

नंतर वॉश, म्हणजे खूप पातळ गडद रंग जो खाचेत जाऊन बसतो. सगळा पुतळा त्यात न्हाऊ घालायचा नाही, खाचांच्या जवळ लावायचा आणि सपाट भागावर थेंब साचला तर ओलसर ब्रशने टिपून घ्यायचा, नाहीतर वाळल्यावर चहाच्या कपाखाली उमटतो तसा गोल डाग राहतो. घरी करायचा असेल तर रंगात नुसतं पाणी वाढवत जाऊ नका, पाणी फार झालं की रंगाची पकड जाते, त्यात मॅट मीडियम, म्हणजे ॲक्रिलिकचा बिनरंगाचा, चमक नसलेला द्रव, घाला. सिटाडेलने २०१९ मध्ये काँट्रास्ट रंग आणले, त्यात एका हातात सावली आणि रंग दोन्ही येतं, पन्नास सैनिक उरकायचे असतील तर छानच, पण शिकताना दोन-तीन पुतळे साध्या रंगाने करा म्हणजे हात तयार होतो.

ढालीवर, फेट्याच्या घड्यांवर ड्रायब्रश करा. जुना ब्रश, थोडा रंग, टिश्यूवर इतका पुसायचा की टिश्यूवर जवळजवळ काही उमटत नाही, मग उंचवट्यांवर हलकेच घासायचा. चेहऱ्यावर नको, तिथे खडूसारखं दिसतं. चेहऱ्याला बारीक बारीक ठिपके देऊन छटा मिळवा, लघुचित्रकार याला परदाज म्हणतात आणि ३२ मिलिमीटरच्या गालावरही ते अगदी तसंच काम करतं.

डोळ्यांची सगळ्यांना भीती. खोबणीत गडद तपकिरी भरा, त्यावर मळकट पांढऱ्याची आडवी बारीक रेघ, मग बुबुळासाठी ठिपका न देता वरून खालपर्यंत छोटी उभी रेघ ओढा, रेघ पापणीपर्यंत टेकली की डोळे वटारलेले दिसत नाहीत. आणि चुकलंच तर अंगाच्या रंगाने बाहेरून कापत आत या, मी बहुतेक वेळा तसंच करते. दोन्ही कोपरं टेबलावर, दोन्ही मनगटं एकमेकांना टेकलेली, श्वास सोडताना रेघ. दिवा पांढऱ्या उजेडाचा आणि शक्यतो दोन बाजूंनी असावा, पिवळ्या बल्बखाली ओकर आणि पांढऱ्यातला फरक कळत नाही.

बेसला, म्हणजे पुतळ्याच्या पायाखालच्या चकतीला, फेविकॉल लावून बारीक वाळू चिकटवा, त्यावर तपकिरी, त्यावर ओकरचा ड्रायब्रश. वापरलेली चहा पावडर धुऊन कडकडीत उन्हात वाळवून टाकली तर पालापाचोळ्यासारखी दिसते, पण ओलसर राहिली तर बुरशी येते. काथ्याचे तुकडे कापून सुकं गवत होतं.

शेवटी मॅट वार्निश, आणि दमट दिवशी स्प्रे वार्निशही नको, पांढरट धुकं चढतं आणि आठवड्याचं काम जातं, ब्रशने लावा. मावळा किल्ल्यावर जाणार असेल तर वार्निशचे दोन हात द्या आणि तळालाही विसरू नका, कारण मातीवर हळीव पेरलेला असतो आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्याच्यावर पाणी शिंपडलं जातं, मातीचा पुतळा ते तळातून शोषून घेतो आणि दोन दिवसांत पायाचा रंग सुटायला लागतो.