घरखर्चातली गळती: आधी वजाबाकी, मग चौकशी

"महिन्याला किती लागतात?" असं विचारलं की तोंडावर येणारा आकडा आठवणीतला असतो: वाणसामान, दूध, लाईटबिल, फी, हप्ता. शोधायचे असतात ते न आठवणारे पैसे, त्यामुळे यादी करत बसून काही सापडत नाही. आधी वजाबाकी करा.

१ तारखेला सकाळी घरातली सगळी रोकड मोजा. पाकीट, पर्स, तांदळाच्या डब्यातली, देव्हाऱ्याखालची, सगळी. प्रत्येक खात्यातली शिल्लक आणि वाण्याच्या वहीतली उधारी शेजारी लिहा. पुढच्या १ तारखेला हेच पुन्हा. समजा सुरुवातीला बँकेत १८,४०० आणि घरात ३,२००, मिळून २१,६०० रुपये होते. महिन्यात ४२,००० आले, शेवटी ११,६०० उरले. म्हणजे हातून ५२,००० गेले. त्यातले ३,००० भिशीचे. ते खर्च नव्हेत, वजा करा. राहिले ४९,०००. वाण्याची उधारी २,६०० वरून ४,१०० झाली. हे १,५०० अजून दिलेले नाहीत, पण माल खाऊन झालाय, म्हणून मिळवा. खरा खर्च ५०,५००. तोंडी अंदाज ४१,५०० चा असेल, तर ९,००० रुपयांचा पत्ता लावायचा आहे.

ताळा चुकतो तो बहुधा तीन ठिकाणी. नवऱ्याच्या खात्यातून बायकोच्या खात्यात गेलेले पैसे एकदा खर्चात आणि एकदा जमेत धरले जातात. क्रेडिट कार्डावरची खरेदी लिहिली जाते आणि वर कार्डाचं बिलही. आणि मेहुण्याला दिलेले हातउसने विसरले जातात (ते खर्चात धरायचे की येण्यात, हे ज्याच्या त्याच्या मेहुण्यावर आहे).

सोलापुरात यंत्रमागावर किंवा विडीच्या कामात पगार आठवड्याला होतो, तिथे आणखी एक गोची. मंगळवार बाजारात दर आठवड्याला ४०० ची भाजी घेतली की लोक महिन्याचे १,६०० धरतात. वर्षात आठवडे ५२ असतात. ५२ ला १२ ने भागलं तर ४.३३, म्हणजे महिन्याला सुमारे १,७३० रुपये. प्रत्येक आठवडी खर्चाला असंच ४.३३ ने गुणा.

आता चौकशी. बँकेच्या ॲपमधून तीन महिन्यांचं स्टेटमेंट काढा आणि १०० रुपयांखालच्या नोंदी आधी बघा, मोठ्या नोंदी बहुतेक आठवतातच. अडचण नावांची येते. चहाच्या टपरीचं खातं मालकाच्या बायकोच्या नावावर असतं, त्यामुळे अनोळखी नाव दिसतं आणि तुम्ही ते सोडून देता. एकच अनोळखी नाव चार-पाचदा आलं तर रक्कम आणि वेळ बघा. रोज सकाळी साडेदहा आणि दुपारी चारला १५ रुपये गेले असतील तर तो चहाच. दिवसाला ३०, कामाचे २६ दिवस, ७८० रुपये. चहा बंद करा असं आमचं म्हणणं नाही; पण तो हिशेबात हवा.

दुधाच्या रतीबात खाडे तपासा. चार दिवस गावाला गेलात आणि कॅलेंडरवर खूण केली नाही, तर बिल पूर्ण महिन्याचं येतं. दूधवाला फसवतोच असं नाही, त्यालाही आठवत नसतं.

पाण्याचा खर्च सोलापुरात जवळपास कुणीच लिहीत नाही. नळाला काही दिवसांआड पाणी, म्हणून पिण्याला जार. ३० रुपयांचा २० लिटरचा जार दोन दिवसाआड घेतला तरी महिन्याला १० जार, वर्षाला ३,६०० रुपये. एखाद्या टँकरची वर्गणी वेगळी. फिल्टरशी तुलना करताना नुसती किंमत बघू नका, वर्षाची सर्व्हिसिंग आणि कँडलही धरा.

उन्हाळ्यात लाईटबिल फुगतं त्याचं गणित सरळ आहे. २०० वॅटचा कूलर १० तास चालला की रोज २ युनिट, महिन्याला ६०. एरवी ९० युनिट जाळणारं घर १५० वर पोचतं आणि १०० च्या वरचे ५० युनिट पुढच्या टप्प्याच्या चढ्या दराने लागतात. बिलावर मागचं आणि चालू रीडिंग मीटरशी ताडून बघा. रीडिंग न घेता सरासरीने बिल आलं असेल तर फरक पुढे एकदम येतो. अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं बिल आलं तर ते खर्चात लिहू नका, ती तुमची ठेव आहे आणि तिच्यावर व्याज मिळतं.

वर्षाचे खर्च वेगळ्या पानावर. २८ दिवसांचा रिचार्ज वर्षात १२ नव्हे, १३ वेळा करावा लागतो. घरात चार फोन असतील तर चार जादा रिचार्ज. केंद्र सरकारच्या योजनांतला विमा घेतला असेल तर मे अखेरीस जीवनज्योती विम्याचे (आयुर्विमा) ४३६ आणि सुरक्षा विम्याचे (अपघात विमा) २० रुपये खात्यातून कापले जातात. एकाच माणसाच्या दोन बँकांतून कापले जात असतील तर एक बंद करा, भरपाई एकाच खात्यावर मिळते. घरपट्टी, संक्रांतीची गड्ड्याची जत्रा, जूनची वह्या-पुस्तकं, सुगीनंतर भरलेली मालदांडी ज्वारी, सगळं जोडून १२ ने भागा. ज्वारी भरण्याआधी नीट वाळवा, कणगीत तशीच ओतली तर पावसाळ्यात किडे होतात आणि स्वस्तात घेतलेलं पोतं महाग पडतं.

शेवटी ज्याचा उलगडा झालाच नाही ती रोकड. त्यासाठी ३० दिवस एक वही फ्रिजवर ठेवा, घरातल्या प्रत्येकाने रक्कम आणि एकच शब्द लिहायचा: "५०, रिक्षा". कारण विचारायचं नाही, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून खोटं लिहिलं जातं. पुढच्या महिन्यात वजाबाकी आणि वही यांत ५०० च्या आत फरक आला की मोजणी थांबवा, आणि शाळा सुरू झाल्यावर जूनमध्ये पुन्हा एकदा करा.