ज्यू वंशाचे गुलाम-सैनिक : वाचताना-लिहिताना या चुका टाळा

विकत घेतलेला पोरगा पुढे राज्य चालवू शकतो, हे मलिक अंबरामुळे आपल्याला वेगळं पटवावं लागत नाही. पण बगदाद-कैरोच्या फौजेतला अमुक गुलाम जन्मानं ज्यू होता, असा दावा आला की अभ्यासू माणसंही घसरतात.

सगळ्यात जास्त घोळ खझार या तुर्की वंशाच्या लोकांवरून होतो. व्होल्गाच्या मुखाशी राजधानी असलेल्या खझारांच्या राजानं आणि सरदारांनी ज्यू धर्म स्वीकारला, हे खरं. म्हणून अब्बासी, म्हणजे बगदादच्या खलिफांच्या, फौजेतला प्रत्येक खझार ज्यू ठरवू नका. इताखचंच बघा. हा खझार गुलाम आधी एका मालकाकडे स्वयंपाकी होता. पुढे खलिफा झालेल्या मुअतसिमनं त्याला विकत घेतलं. 838 मध्ये अमोरियम या बायझंटाइन शहरावरच्या मोहिमेत तो सेनापती म्हणून लढला आणि 849 मध्ये बगदादच्या कैदेत मेला. तो ज्यू घरातला होता, हे नुसत्या 'खझार' या ओळखीवरून सिद्ध होत नाही. उलट 10व्या शतकातला भूगोलकार इस्तख्री सांगतो की खझारांकडून येणारे गुलाम मूर्तिपूजकांपैकी असत, कारण तिथले ज्यू आणि ख्रिस्ती आपल्या माणसांना गुलाम करणं धर्माविरुद्ध मानत. ज्यूंची संख्याही तिथे सगळ्यात कमी होती, असं तोच नोंदवतो. ही नोंद वगळून खझारांवर लिहिणं मला तरी बेजबाबदारपणाचं वाटतं.

नावावरून धर्म ओळखायला जाऊ नका. मूसा, दाऊद, इस्हाक ही नावं मुसलमानांत सर्रास असतात. 9व्या शतकातला सेनापती इस्हाक इब्न कुंदाज याला खझार म्हटलं गेलंय. तेवढ्यावरून आणि नावावरून त्याला ज्यू करून टाकणं म्हणजे एका अंदाजावर दुसरा अंदाज रचणं. मामलुकांच्या, म्हणजे विकत घेऊन घडवलेल्या गुलाम-सैनिकांच्या, नावातलं 'इब्न अब्दुल्ला' (अब्दुल्लाचा मुलगा) हेही बऱ्याचदा खऱ्या बापाचं नाव नसतं. धर्मांतरितांना ते सरसकट लावलं जाई.

कैरोच्या मामलुक सल्तनतीत (1250 ते 1517) स्थानिक ज्यूंची मुलं पकडून फौजेत घालत, असंही लिहू नका. फुस्तातचे, म्हणजे जुन्या कैरोचे, ज्यू जिझिया भरणारे संरक्षित प्रजाजन होते. कायद्यानं त्यांना गुलाम करता येत नसे. मामलुक यायचे ते राज्याबाहेरून, आधी मुख्यतः काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या किपचाक गवताळ प्रदेशातून, पुढे कॉकेशसातून. तेव्हा एखादा मामलुक ज्यू वंशाचा म्हणून वाचलात, तर तो कुठून आणला गेला, हे आधी शोधा.

आणि ऑटोमन देवशिर्मे, म्हणजे तुर्की सुलतानांची प्रजेतली मुलं सक्तीनं उचलून नोकरीत घेण्याची पद्धत, इथे आणू नका. ती पोरं मुख्यतः ख्रिस्ती घरांतली असत. ज्यूंना त्यातून वगळलेलं होतं.