इच्छा गोष्टीतली की वाचणाऱ्याची?

मनोविश्लेषणाच्या, म्हणजे मनातल्या दडलेल्या इच्छा शोधण्याच्या, अंगाने पहिला प्रबंध लिहिणाऱ्याला तोंडी परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो: ही दडलेली इच्छा कथेत होती, की तुम्हीच ती तिथे नेऊन ठेवलीत? गोव्यात मराठी किंवा तौलनिक साहित्याचा विद्यार्थी हा विषय घेतो तेव्हा त्याने पहिल्या दिवसापासून याच प्रश्नाची तयारी करावी. वाचनाची पद्धत, टिपणे, निबंधाची बांधणी, सगळे त्यावरून ठरते.

या प्रश्नाचे मूळ आपल्याकडेच सापडते. पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला आबे फारियाचा पुतळा आहे: हात पसरून उभा पाद्री आणि समोर कलंडलेली स्त्री. 'कातर रे भाजी' ही त्याची आख्यायिका गोव्यात बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. घाबरलेल्या मुलाची वाचा बापाच्या एका वाक्याने परत येते, म्हणजे ती गोष्टही सूचनेच्या ताकदीचीच. कांदोळीत १७५६ साली जन्मलेल्या फारियाने पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग केले. संमोहन करणाऱ्याच्या अंगातून चुंबकीय द्रव निघतो, असा तेव्हाचा समज होता. फारियाने तो नाकारला. जे घडते ते झोपणाऱ्याच्या मनात घडते, बाहेरचा माणूस फक्त सूचना देतो, असे त्याचे म्हणणे. त्याचे पुस्तक १८१९ मध्ये, त्याच्या मृत्यूच्याच वर्षी निघाले. पुढे फ्रान्समधल्या नान्सीच्या डॉक्टरांनी सूचनेचा विचार उचलून धरला आणि १८८९ मध्ये मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड त्यांचे काम पाहायला नान्सीला गेला. नंतर त्याने संमोहन सोडले, कारण रुग्णाचा प्रतिरोध, म्हणजे दडलेले वर येऊ न देण्याची मनाची धडपड, त्यात झाकला जातो. पण 'रुग्णाच्या मनात तुम्हीच काहीतरी भरवता' हा आक्षेप त्याच्यामागे कायम राहिला. समीक्षकाच्या मागेही तोच आहे.

फारियाचे नाव घेऊन फ्रेंच कादंबरीकार द्यूमाने 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो'मध्ये (१८४४-४६) जे पात्र घडवले, त्याचा तुरुंगातला प्रसंग नवख्याने पहिल्याच आठवड्यात वाचावा. कादंबरीतला फारिया इटालियन आहे, ही गोष्ट वेगळी. निरपराध कैदी दांतेस त्याला आपली कहाणी सांगतो. फारिया साधे प्रश्न विचारतो: तुझ्या अटकेने कोणाचा फायदा झाला? तुला अडकवणारे ते पत्र कोणत्या हाताने लिहिले होते? दांतेसला जे ठाऊक होते पण जोडता आले नव्हते, ते त्याच्याच तोंडून जुळत जाते. आणि लगेच फारियाला पश्चात्ताप होतो, की तुझ्या मनात नव्हती अशी एक भावना मी घातली, सूडाची. आता ठरवा: सूडाची इच्छा दांतेसमध्ये आधीच होती आणि फारियाने ती उघड केली, की फारियाने ती पेरली? दोन्ही बाजूंनी एकेक पान लिहा. या विषयाची यापेक्षा चांगली पहिली कसोटी क्वचितच मिळेल.

परिभाषेत फार अडकू नका. फ्रॉइडने जर्मनमध्ये 'मी' आणि 'ते' असे रोजचे शब्द वापरले. 'इगो', 'इड' हे लॅटिन शब्द इंग्रजी अनुवादातून आले आणि मराठीत त्यांचे 'अहम्', 'इदम्' झाले. 'अबोध मन'पेक्षा 'नेणीव' हा शब्द आम्हाला जवळचा वाटतो, कारण त्यात 'नेणणे' हे क्रियापद जिवंत आहे. पण शब्द कोणताही घेतला तरी सबंध निबंधात तोच ठेवा. सुरुवातीला चार संकल्पना पुरतात. दमन म्हणजे नकोशी इच्छा जाणिवेबाहेर ठेवणे. संघनन म्हणजे अनेक माणसे किंवा विचार एका प्रतिमेत कोंबले जाणे. विस्थापन म्हणजे भावनेचा जोर मूळ जागेवरून एखाद्या क्षुल्लक वस्तूवर सरकणे. आणि आवर्तन, तेच ते पुन्हा घडत राहणे. संघनन-विस्थापनासाठी स्वप्नांवरच्या १९०० सालच्या ग्रंथातले स्वप्नकार्याचे प्रकरण वाचा. अख्खा ग्रंथ पहिल्या सत्रात वाचायची गरज नाही.

साधने प्रत्यक्षात कशी चालतात, हे तीन जागी पाहता येते.

दस्तयेव्स्कीच्या 'गुन्हा आणि शिक्षा'मध्ये (१८६६) पहिल्या भागाच्या पाचव्या प्रकरणात, एका सावकार म्हातारीच्या खुनाचा विचार मनात घोळवणाऱ्या रास्कोल्निकोव्हला स्वप्न पडते. स्वप्नात तो सातेक वर्षांचा आहे, बापाबरोबर चालला आहे. दारूच्या गुत्त्याबाहेर मिकोल्का नावाचा शेतकरी आपल्या म्हाताऱ्या घोडीला मारतो आहे, 'माझी मालमत्ता आहे' असे ओरडतो आहे. गर्दीतला एक जण म्हणतो, कुऱ्हाड घाला. घोडी मरते. मुलगा तिचे रक्ताळलेले तोंड कुरवाळतो, मुके घेतो आणि मुठी आवळून मिकोल्काच्या अंगावर धावून जातो. बाप म्हणतो, चल, आपला काही संबंध नाही. जागा झाल्याबरोबर रास्कोल्निकोव्ह स्वतःला विचारतो: मी खरेच कुऱ्हाड घेऊन त्या सावकार म्हातारीच्या डोक्यात घालणार आहे का?

नवखा इथे लिहितो, 'घोडी म्हणजे सावकार म्हातारी', आणि थांबतो. हे अपुरे आहे. स्वप्न पाहणारा या चित्रात एकाच वेळी रडणारा मुलगा आहे, मारणारा मिकोल्का आहे आणि मार खाणारी घोडीही आहे. त्याला संघनन म्हणतात. पुरावा मजकुरातलाच हवा, आणि तो आहे: कुऱ्हाडीचा उल्लेख स्वप्नात आधी येतो, जागेपणी नंतर. पुढे न केलेल्या खुनाची कबुली देणारा रंगारी निकोलाय, त्यालाही मिकोल्का म्हटले जाते. एकच नाव दोन टोकांना, एकदा मारणाऱ्याला आणि एकदा दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घेणाऱ्याला. असे दोन-तीन धागे हाती लागल्याशिवाय 'नेणीव' हा शब्द लिहू नका.

दुसरी जागा हेन्री जेम्सच्या 'द टर्न ऑफ द स्क्रू'मधली (१८९८). दोन मुलांना सांभाळणारी तरुण शिक्षिका संध्याकाळी फिरताना मनात म्हणते, वाटेच्या वळणावर अचानक कोणी भेटले, हसून पसंती दिली, तर किती छान. तिच्या मनात मुलांचा काका, म्हणजे तिचा मालक आहे. वर पाहते तर मनोऱ्यावर एक अनोळखी पुरुष. पुढे ती घरातल्या मिसेस ग्रोसला सांगते, की त्याचे कपडे झकास होते पण त्याचे स्वतःचे नव्हते. मिसेस ग्रोस म्हणते, ते मालकाचेच. भूत मालकाच्या कपड्यांत येते! विस्थापनाचा इतका नेमका नमुना क्वचित सापडतो. अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सनने १९३४ मध्ये याच अंगाने मांडले, की भुते शिक्षिकेच्या दबलेल्या इच्छेतून आली आहेत.

पण त्याच पानावर या वाचनाचा सर्वांत मोठा अडथळाही आहे. तांबडे कुरळे केस, फिकट चेहरा, डोक्याला टोपी नाही, हे वर्णन ऐकूनच मिसेस ग्रोस क्विंटला, मालकाच्या मेलेल्या नोकराला, ओळखते. शिक्षिकेने तर त्याला कधी पाहिलेले नव्हते. मग भूत नुसता भास कसा? नवख्याचा निबंध इथेच पडतो, कारण तो हे वर्णन गाळून टाकतो. गाळू नका. विरोधी पुराव्याला निबंधाचा निदान पाचवा भाग द्या. उत्तर न सापडले तर तसे लिहा. परीक्षक त्याचे गुण कापत नाहीत, लपवाछपवीचे कापतात.

तिसरी जागा हॉफमनच्या 'सँडमॅन' (१८१६) या कथेची. फ्रॉइडने 'भयाण' या विषयावरच्या १९१९ च्या निबंधात डोळे जाण्याच्या भीतीवर भर दिला. मात्र कथेच्या सुरुवातीची पत्रे त्याने जवळजवळ बाजूला ठेवली. कथानायक नाथानाएल मित्राला, लोथारला, पत्र लिहितो आणि पाकिटावर पत्ता घालतो क्लाराचा, आपल्या वाग्दत्त वधूचा. भीतीचे कारण ज्याला सांगायचे त्याच्याऐवजी ते जिच्यापासून लपवायचे तिलाच पोचते. अशा चुकांवर फ्रॉइडने स्वतः १९०१ मध्ये पुस्तक लिहिले होते! गुरूने सोडलेली जागा धरून वाचले, तर विद्यार्थ्याला नवे म्हणायला वाव मिळतो.

लेखकाला रुग्णासारखे पलंगावर झोपवण्याचा मोह टाळा. दस्तयेव्स्कीवरच्या १९२८ च्या लेखात फ्रॉइडने त्याच्या अपस्माराचा संबंध बापाच्या मृत्यूच्या अपराधभावनेशी जोडला. पुढच्या चरित्रकारांनी त्या तपशिलांवर गंभीर शंका घेतल्या आणि लेखाचा तो भाग लंगडा पडला. स्वप्नावरचे वाचन मात्र चरित्र बदलल्याने पडत नाही, कारण स्वप्न पानावर आहे. पात्रालाही बालपण बहाल करू नका: जे कादंबरीत लिहिलेले नाही ते घडलेलेच नाही.

मराठी कथेकडे वळताना दोन गफलती होतात. पहिली, संज्ञाप्रवाहालाच नेणीव समजणे. मर्ढेकरांच्या 'रात्रीचा दिवस'सारख्या (१९४२) कादंबरीत मनात येणारे सगळे कागदावर येते, पण येते ते जाणिवेतलेच. नेणीव शोधायची ती प्रवाह जिथे तुटतो, वळतो, एखादा शब्द टाळतो तिथे. दुसरी गफलत गोव्यातल्या कथांत जास्त दिसते: देवचार दिसला की 'दमित वासना' लिहून मोकळे होणे. गावात देवचार राखणदार असतो. त्याला मान दिला जातो, त्याचा धाक असतो आणि त्याचा आधारही. फ्रॉइडने 'उनहाइमलिश' (भयाण; यातला 'हाइम' म्हणजे घर) या जर्मन शब्दाच्या आधारे दाखवले, की भयाण ते कधीकाळी घरचेच असते. राखणदार तर उघडच घरचा आहे. म्हणून आधी विचारा, गावाला जो आधार वाटतो तो या पात्राला भय का वाटतो? उत्तर त्या फरकात असते.

गोव्यातल्या मराठी लेखनात आणखी एक खूण मिळते. बऱ्याच लेखकांची घरची भाषा कोकणी, लिहिण्याची मराठी. निवेदन मराठीत चालू असताना पात्र कोणत्या वाक्याला कोकणीत घसरते, कुठे पोर्तुगीज शब्द येतो, याची यादी करा. कधी ती नुसती स्थानिक रंगाची हौस असते. पण राग, लाज किंवा आईची आठवण अशाच जागी घसरण होत असेल, तर ती टिपणात ठळक हवी.

भारतीय परंपराही वाचा. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली आणि फ्रॉइडशी पत्रव्यवहारात मतभेदही मांडले. प्रत्येक इच्छेसोबत तिची उलट इच्छाही मनात असते, हे त्यांचे सूत्र समीक्षेत फार कामाला येते: मुलगा घोडीला वाचवू पाहतो, मग तिला मारण्याची इच्छा चित्रात कुठे आहे? सुधीर कक्कर यांचे १९७८ चे 'द इनर वर्ल्ड' हिंदू बालपणावर आहे. ते अखेरची अनेक वर्षे गोव्यात राहिले. ख्रिस्ती कुटुंबाच्या कथेला त्यांचे निष्कर्ष जसेच्या तसे लावू नका.

आता कामाचा आराखडा. पहिल्या निबंधाला कथा ३० ते ६० पानांची घ्या, कादंबरी नको. 'सँडमॅन' बसते, 'टर्न ऑफ द स्क्रू' जरा मोठी होते. सहा आठवडे धरा. पहिले वाचन हातात पेन न घेता, एका बैठकीत. दुसऱ्या वाचनात वहीच्या पानाचे तीन रकाने करा: पान क्रमांक, मजकूर जसाच्या तसा, आणि 'हे इथे का?' हा प्रश्न. तिसऱ्या रकान्यात उत्तर लिहायचे नाही. तिसरे वाचन दहा दिवसांनी, फक्त आवर्तने मोजायला: डोळे, खिडकी, पाणी, कपडे, जे काही तीनपेक्षा जास्त वेळा आले ते. सिद्धान्त त्यानंतर उघडा. आधी उघडला तर जिकडेतिकडे ईडिपस, म्हणजे मुलाची आईबद्दलची ओढ आणि बापाबद्दलची असूया, दिसू लागतो, आणि मग रकाने भरायला काही उरत नाही. ३,००० शब्दांच्या निबंधात सिद्धान्ताला ५०० पुरेत; एकच प्रसंग, चार-पाच उतारे, विरोधी पुरावा, आणि मग निष्कर्ष.

अनुवादातून वाचत असाल तर सावध राहा. 'ग्रादिव्हा' या येन्सेनच्या कथेवर फ्रॉइडने १९०७ मध्ये लिहिले. त्यातल्या नायिकेचे आडनाव बेर्टगांग म्हणजेच चालण्यात चमकणारी, हे जर्मन न जाणणाऱ्याला दिसतच नाही. श्लेष, नावे, बोलण्यातल्या चुका, सगळ्यात आधी अनुवादात गळतात. ज्या शब्दावर तुमचा मुद्दा उभा आहे तो दोन अनुवादांत ताडा आणि मूळ शब्द जाणकाराकडून विचारून घ्या. जुन्या अभिजात कृती प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतात. मराठी पुस्तकांसाठी पणजीच्या पाटो भागातले कृष्णदास शामा ग्रंथालय आणि ताळगावच्या पठारावरचे विद्यापीठाचे ग्रंथालय आधी पालथे घाला.

तोंडी परीक्षेला जाताना ती तीन रकान्यांची वही बरोबर न्या. सुरुवातीचा प्रश्न आला, की पान क्रमांक सांगून उतारा वाचून दाखवा. त्याच पानावरचा तुमच्या विरोधातला उतारा परीक्षकाने काढण्याआधी तुम्हीच काढा.