जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो बाहेर काढताय? आधी या चुका टाळा

आमचा नारायण पेठेतला वाडा पाडायला दिला तेव्हा माळ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. आत बटर पेपरच्या पाकिटांत आजोबांच्या निगेटिव्ह, आणि खाली शंभरेक फोटो, काही सुटे, काही जाड काळ्या कागदाच्या आल्बममध्ये कोपरे लावून बसवलेले. मी तो डबा घरी आणला, जेवणं झाल्यावर सगळं टेबलावर पसरलं आणि त्याच रात्री पहिली चूक केली.

त्यात आजीची एक मोठी निगेटिव्ह होती, तळहाताएवढी, लग्नानंतर स्टुडिओत जाऊन काढलेली. स्टुडिओ बंद करताना मालकांनी जुन्या गिऱ्हाइकांना बोलावून निगेटिव्ह परत दिल्या होत्या म्हणे, त्यामुळे ती घरी आली. उजेडात धरली तर आजीच्या गालावर करडट असं काहीतरी दिसत होतं. मला वाटलं मळ आहे, इतक्या वर्षांची धूळ बसली असेल, म्हणून कापसावर थोडं स्पिरिट घेतलं आणि अगदी हलक्या हाताने पुसलं. तो मळ नव्हता. पूर्वी स्टुडिओत रिटचिंग करणारी माणसं असायची, ती निगेटिव्हवर सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीने बारीक ठिपके देत बसायची, कारण निगेटिव्हवर जिथे पेन्सिल लागते तिथे प्रिंट उजळ येते आणि चेहऱ्यावरचे खड्डे भरून निघतात. आजीला लहानपणी देवी आल्या होत्या. कुणीतरी तासभर बसून ते व्रण झाकले होते आणि मी ते दोन मिनिटांत पुसून टाकले.

आत्याला दाखवलं, तिला आता अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, आईला ते व्रण कधीच आवडले नाहीत, फोटो म्हटला की मान अशी वळवायची." आणि तिने स्वतःची मान वळवून दाखवली. ते बघून मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

म्हणून हे लिहितेय. सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, जे केलं की परत घेता येत नाही ते आधी करायचं नाही. आधी आहे त्या अवस्थेत फोनने तरी फोटो काढून घ्या, मागची पुढची दोन्ही बाजू, पाकिटावर काही लिहिलं असेल तर तेही. मग पुढचं.

पुसणं, धुणं, ओढून काढणं

धूळ असेल तर कॅमेऱ्याच्या लेन्सची हवा मारायची रबरी फुगी मिळते ती वापरा, नाहीतर अगदी मऊ ब्रश. पाणी नाही, कॉलिन नाही, स्पिरिट नाही, तोंडाने फुंकर तर मुळीच नाही, थुंकीचे थेंब उडतात. फोटोवरचं चित्र जिलेटिनच्या थरात चांदीच्या बारीक कणांनी बनलेलं असतं, आणि जिलेटिन ओलं झालं की फुगतं, मऊ होतं, बोट लागलं तर निघूनही येतं. हाताने रंगवलेला फोटो असेल, म्हणजे ओठांना गुलाबी आणि दागिन्यांना पिवळा दिलेला, तर पाण्याने तो रंगही जाऊ शकतो.

बऱ्याच फोटोंच्या कडेला, काळ्या भागात, निळसर चंदेरी चमक दिसते. मी आधी तीही घाण समजत होते. ती चांदीच आहे, वर्षानुवर्षं दमट हवेत राहून थरातली चांदी वर आलेली. ती पुसून जात नाही, पुसायचीही नाही. स्कॅनमध्ये ती धुक्यासारखी येते, तेव्हा असा फोटो स्कॅनरऐवजी कॅमेऱ्याने, दोन्ही बाजूंनी तिरका उजेड देऊन काढून बघा, पुष्कळ फरक पडतो.

फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका. मागचा पुठ्ठा काढा, पण फोटो आणि काच एकत्रच राहू द्या आणि काचेवरूनच स्कॅन करा. आमच्या डब्यात सात फोटोंचा एक गठ्ठा होता, विटेसारखा घट्ट. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाणी वाड्यात शिरलं, तेव्हा खालच्या खोलीतल्या कपाटात होते ते. ओले झाले आणि तसेच एकमेकांवर सुकले. वरचा फोटो अर्धा दिसतो, त्यावर चिखलाच्या पाण्याची पिवळी रेघ आहे, रेघेच्या वर कुणाच्या तरी मुंजीतला बटू आणि खाली काहीच नाही. चुलतभाऊ म्हणाला, कोमट पाण्यात टाक, सुटतील. सुटतीलही, पण चेहरे कागदाबरोबर राहतील की शेजारच्या फोटोच्या पाठीला जातील हे कुणी सांगावं? ते काम कागद आणि फोटोंचं कॉन्झर्व्हेशन, म्हणजे जतन आणि दुरुस्ती, करणाऱ्यांचं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कॉन्झर्व्हेशनचा विभाग आहे, तिथे विचारून बघता येईल. मी तो गठ्ठा अजून तसाच ठेवलाय.

चिकट पानांचे आणि वर प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेले आल्बम, जे आपल्याकडे मागाहून घरोघरी आले, ते मात्र खरंच वाईट. त्यातला गोंद फोटोला पिवळा करतो आणि वरचं प्लॅस्टिक पीव्हीसीचं असेल तर तेही त्रास देतं. फोटो सहज सुटत असेल तर बिनमेणाचा डेंटल फ्लॉस फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकवत सोडवा. अडला की थांबा, पान तसंच स्कॅन करा.

डबा उघडला आणि आंबट वास आला तर

हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. निगेटिव्हच्या डब्यातून व्हिनेगरसारखा वास येत असेल तर फिल्मचा पाया, म्हणजे चित्राचा थर ज्यावर असतो ते प्लॅस्टिक, कुजायला लागलाय. त्यातून अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सुटतं आणि तेच अ‍ॅसिड कुजणं आणखी वाढवतं, शेजारच्या चांगल्या निगेटिव्हही त्यात ओढल्या जातात. मग फिल्म आकसते, लाटा पडतात, वरचा थर सुटून जाळी होते. त्यामुळे वास येणाऱ्या निगेटिव्ह लगेच वेगळ्या करा आणि सगळ्यात आधी त्याच स्कॅन करा. त्यांना हवाबंद डब्यात कोंडू नका, वास आत कोंडला की आणखी लवकर जातात. डांबराच्या गोळ्याही नकोत.

बुरशी हा आपल्याकडचा दुसरा शत्रू, कोकणात आणि मुंबईत तर विचारायलाच नको. हवेत ६५ टक्क्यांच्या वर दमटपणा राहिला की बुरशी धरते, म्हणजे पावसाळाभर. हे सगळं काम दसऱ्यानंतर काढा, हवा कोरडी असते. फक्त दिवाळीच्या साफसफाईत हा डबा कुणी भंगारात देणार नाही एवढं बघा, निगेटिव्ह म्हणजे काळ्या पट्ट्या, काय कामाच्या, असं म्हणून टाकून दिलेली घरं मला माहीत आहेत.

स्कॅन करताना होणारा घोळ

मी पहिल्यांदा वीस निगेटिव्ह एका दुकानात दिल्या. पेन ड्राइव्हवर आल्या त्या एवढ्याशा जेपेग फाइली, चेहरा मोठा केला की नुसते चौकोन. चूक माझीही होती, मी काय हवंय ते सांगितलंच नव्हतं. आता सांगते ते असं: ३५ एमएमच्या निगेटिव्हला किमान २४०० डीपीआय (म्हणजे एका इंचात स्कॅनर किती ठिपके टिपतो तो आकडा), त्यात साधारण ३४०० बाय २२७० पिक्सेल मिळतात. आजोबांच्या कॅमेऱ्यात १२० चा रोल लागायचा, एका रोलला बारा फोटो, सहा बाय सहा सेंटिमीटरचे. तेवढ्याच डीपीआयला त्याची एक बाजू ५३०० पिक्सेलच्या आसपास जाते, म्हणजे साध्या बॉक्स कॅमेऱ्यातही केवढं काय काय साठलेलं असतं बघा. उलट त्याच निगेटिव्हची त्याच मापाची छोटी कॉन्टॅक्ट प्रिंट ३०० डीपीआयला स्कॅन केली तर जेमतेम ६६० पिक्सेल. निगेटिव्ह असेल तर निगेटिव्हच स्कॅन करा, आणि प्रिंटच स्कॅन करायची असेल तर ६०० डीपीआयच्या खाली नको. फाइल टिफमध्ये (जेपेगसारखे बारकावे गाळत नाही), १६ बिट ग्रेस्केल, म्हणजे नुसत्या करड्या छटा, आणि मूळ फाइलला हात न लावता कॉपीवर काम.

स्कॅनरमध्ये धूळ आपोआप काढायचा पर्याय असतो, डिजिटल आइस वगैरे. ब्लॅक अँड व्हाइटला तो बंद ठेवा. तो इन्फ्रारेड उजेडाने धूळ ओळखतो, पण फिल्ममधली चांदी तो उजेड अडवते, त्यामुळे त्याला चित्रच धूळ वाटतं आणि चेहऱ्याच्या कडा खाल्ल्यासारख्या होतात. आणि निगेटिव्ह नुसती काचेवर टाकलीत तर गोल गोल रिंगा उमटतात, पेट्रोलच्या तवंगावर दिसतात तशा. होल्डरमध्ये बसवा, काचेला टेकू देऊ नका.

स्कॅनर नसेल तर टॅबवर कोरा पांढरा स्क्रीन लावून वरून फोनने फोटो काढता येतो, चालतं ते. फक्त निगेटिव्ह स्क्रीनला चिकटवू नका, स्क्रीनची जाळी उमटते. मध्ये दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा आणि पाच-सहा सेंटिमीटर अंतर ठेवा, खोलीतले दिवे घालवा.

उलटा आलेला फोटो

निगेटिव्हची एक बाजू चकचकीत असते, एक मंद. चकचकीत बाजू आपल्याकडे धरली की कडेची अक्षरं आणि चित्र दोन्ही सुलट दिसतात. अक्षरं नसतील तर आपल्या माणसांकडेच बघायचं. माझ्याकडे एक फोटो महिनाभर उलटा पडून होता, आत्याने बघताक्षणी सांगितलं, "नथ उजवीकडे कशी गं घालेल कुणी?" नथ डाव्या नाकपुडीत, नऊवारीचा पदर डाव्या खांद्यावर, पुरुषांच्या शर्टाचा खिसा डावीकडे.

कडेची अक्षरं आणखी एका कामाला येतात. कडेला इंदू असं फिल्मचं नाव असेल तर तो फोटो १९६७ च्या आधीचा नाही, कारण उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या कारखान्यात उत्पादन तेव्हा सुरू झालं. मुंबईच्या रस्त्यावर ट्राम दिसत असेल तर ३१ मार्च १९६४ च्या आधीचा, त्या दिवशी शेवटची ट्राम धावली. आमच्या घरात तर पानशेतच्या आधीचा की नंतरचा असाच हिशोब लावतात.

रंग भरणारी अ‍ॅप

मीही केलंय, मोह होतो. आजीच्या शालूला अ‍ॅपने विटकरी रंग दिला, सुंदर दिसत होता, फॅमिली ग्रुपवर सगळ्यांनी हार्ट टाकले. आत्याचा फोन आला की तो शालू हिरवा होता, जरीचा काठ अजून माझ्याकडे आहे. ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममध्ये लाल आणि हिरवा अगदी सारखे करडे येऊ शकतात, रंगाची माहिती त्यात नसतेच, अ‍ॅप नुसता अंदाज बांधतं. चेहरा शार्प करणारी अ‍ॅप त्याहून धोक्याची, हललेल्या फोटोत ती नवेच डोळे बसवतात, ते आजीचे नसतात. करायचंच असेल तर वेगळी फाइल करा आणि फाइलच्या नावातच "रंग भरलेला" लिहा, नाहीतर दहा वर्षांनी घरातली पोरं त्यालाच खरा समजतील.

नावं

हे मी शेवटी लिहितेय पण करायचं सगळ्यात आधी. स्कॅनिंग पुढच्या वर्षी केलं तरी चालेल. फोटोतली माणसं ओळखणारं माणूस आज घरात असेल तर त्यांच्यासमोर आजच बसा. एका वेळी दहा-बाराच फोटो, जास्त नको, थकतात. फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा, कारण नावाबरोबर पन्नास गोष्टी येतात. "हा कोण" असं विचारून कधी कधी काहीच येत नाही, तेव्हा "हे घर कुणाचं", "ही खुर्ची कुठली" असं विचारा.

फोटोमागे बॉलपेनने लिहू नका, दाबाने पुढे उमटतं आणि शाई पसरते. जुन्या जाड कागदावर मऊ पेन्सिल चालते, कडेला, हलकं. गुळगुळीत प्लॅस्टिकसारखी पाठ असेल तर पेन्सिल उठत नाही, मग पाकिटावर लिहा. आणि फोटो पाकिटात घालायच्या आधी लिहा.

त्या सात फोटोंच्या गठ्ठ्यावरचा बटू कोण हे मी आत्याला विचारलं. तिने चष्मा काढून फोटो डोळ्यांजवळ धरला, पिवळ्या रेघेवर बोट न लावता फिरवलं आणि म्हणाली, कान बघ, कान आपल्या घरातले नाहीत. शेजारच्या बिऱ्हाडातला असेल. पुढच्या रविवारी तिच्या मैत्रिणीकडे जायचंय, ती त्या बिऱ्हाडात राहायची.