सुपरमार्केटमध्ये उन्हाळी इंटर्नशिप करताय? आधी बूट बघा

एमबीएच्या पहिल्या वर्षानंतर मे-जूनमध्ये मी ठाण्यातल्या एका मोठ्या सुपरमार्केटमध्ये इंटर्न होते. मऊ तळव्याचे बूट घ्या, दिवसभर उभं राहायचंय.

गेल्या गेल्या एक्सेल मागू नका. पहिला आठवडा मागच्या दारी काढा, जिथं टेम्पो लागतो. चलन (मालासोबत येणारा कागद), पीओ (दुकानाने दिलेली खरेदीची ऑर्डर) आणि खोकी जुळली की जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, निघतो. इथं चुकलेला आकडा पुढे सगळीकडे चुकतो.

मग दही-ताकाच्या रॅकचं काम मागून घ्या. ज्याची मुदत आधी संपते ते पुढे, बाकीचं मागे. मी उत्साहात ताजी ताकाची पाकिटं पुढे मांडली. तिसऱ्या दिवशी मागची अठ्ठावीस फेकावी लागली. सेक्शनच्या ताई एवढंच म्हणाल्या, "मॅडम, गिऱ्हाईक हाताशी येईल तेच उचलतं." हे नुकसान श्रिंकेजमध्ये, म्हणजे विक्रीआधीच झालेल्या मालाच्या घटीत, धरतात, चोरी, फूटतूट आणि बिलातल्या चुकाही त्यातच.

(जाता जाता: ८९० ने सुरू होणारा बारकोड भारतात नोंदलेला असतो. माल इथलाच, असं मात्र नाही.)

प्रोजेक्टला 'ग्राहक समाधान' नको, काहीतरी मोजता येईल असं घ्या. मी संध्याकाळी ६ ते ८ बिलिंगच्या रांगा मोजल्या. रांग अडायची ती भाजीवर वजनाचं स्टिकर लावायचं राहिलं म्हणून! काट्याजवळ एक माणूस द्या, एवढंच सुचवलं.

सर्टिफिकेटवर सही शेवटच्या दिवशीच घ्या. माझ्या मेंटॉरची बदली झाली आणि मी दीड महिना फोन करत बसले.