पाचोऱ्याहून इमॅजिकाला, राइडही आणि गाणीही

आम्ही पाचोऱ्याचे. खोपोलीचं इमॅजिका थीम पार्क गाठायचं म्हणजे रात्रीची गाडी, पहाटे कल्याण, तिथून खोपोली लोकल. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी लोकलमध्येच संपवा, आत घरचं खाणं चालत नाही.

गेट उघडलं की सगळे पहिल्या दिसेल त्या राइडला चिकटतात. तुम्ही सरळ नायट्रो गाठा, तिथली रांग नंतर फुगते. या रोलर कोस्टरला पायाखाली फळीच नाही, पाय नुसते लोंबकळतात. भाचा मला म्हणाला, "मामा, घाबरू नको," आणि पहिल्या उतारालाच माझं मनगट आवळून बसला.

राजासॉरसची भिजवणारी राइड भर दुपारी घ्या. (डायनासोर खरा आहे बरं का! हाडं नर्मदेच्या खोऱ्यात सापडली, 2003 मध्ये नाव मिळालं.) आम्ही ती संध्याकाळी केली आणि ओल्या पँटीत गाणी ऐकली. टाळ्यांपेक्षा दातच जास्त वाजले.

गाण्याचा कार्यक्रम आहे का, ते सकाळीच विचारून ठेवा. पोरं स्टेजला खेटून उभी राहतात. भो, तिथं लग्नातल्या डीजेसारखं छातीत धडधडतं, शब्द एक कळत नाही. समोर मध्यभागी, साउंडवाल्याच्या टेबलाजवळ उभे राहा. तो स्वतःच्या कानानं आवाज जुळवतो, त्यामुळे गळा, ढोलकी, गिटार सगळं सुटं ऐकू येतं.

परतीचं तिकीट मात्र उशिराच्या गाडीचं काढा.